स्टुटगार्टला येताय ना, मग कापूस आणा

तुमचा प्रश्न वाचला आणि यावर काही लिहायचं नाही असं ठरवून भाजी चिरायला घेतली. पण ठाण्याचं वसंत विहार, साडेतीन वर्षांची मुलगी, नवऱ्याची जर्मनीतली, स्टुटगार्टची नोकरी आणि "तिथल्या वॉल्डॉर्फ किंडरगार्टनमध्ये म्हणे अक्षरं शिकवतच नाहीत, लोकर विणतात आणि चिखलात खेळतात, मग मुलगी मागे नाही का पडणार?" हे डोक्यातून जाईना. चार वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या घरात बसून मी हेच लोकांना विचारत होते.

व्हिसा, ब्लू कार्ड म्हणजे नोकरीचा परवाना, विमा हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, तिथेच वाचा. मी लसीकरणाच्या कार्डाबद्दल सांगते. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा दिल्याशिवाय मुलाला किंडरगार्टनमध्ये घेत नाहीत. हे आम्हाला माहीत होतं, लसही वेळेवर दिली होती. पण आमच्या कार्डावरचं दुसऱ्या डोसचं स्टिकर ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात दमट होऊन कधीतरी गळून पडलं होतं आणि खाली उरलेलं अक्षर डॉक्टरांचं. इथल्या किंडरगार्टनच्या बाईंनी कार्ड खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते स्टिकर खाल्लं. मुलगा पुढचे सात आठवडे घरी. माझा भाऊ तीन संध्याकाळी दवाखान्यात नंबर लावून बसला तेव्हा कुठे जुनं रजिस्टर निघालं. तर दोन्ही डोसच्या तारखा, लसीचं नाव, सही, शिक्का हे लेटरहेडवर टाइप करून आत्ताच घेऊन ठेवा.

आणि नाव. पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात लागोपाठ असेल तर पहिल्याच दिवशी समजावून सांगा. आमच्याकडे त्यातलं दुसरं उचललं गेलं. पहिले दहा-बारा दिवस माझ्या मुलाला त्याच्या बापाच्या नावाने हाका मारत होते. तो कशाला ओ देतोय! त्याच्या वहीत नोंद झाली, "हाक मारल्यावर प्रतिसाद देत नाही." ते पान मी अजून फाडलेलं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. वॉल्डॉर्फ आम्ही फार विचार करून निवडलं असं नाही, जागा तिथेच मिळाली. ही शाळेची पद्धत मुळात याच शहरातली. १९१९ साली वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाच्या सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी पहिली शाळा काढली आणि तिची आखणी रुडॉल्फ स्टायनर यांनी केली. म्हणून नाव वॉल्डॉर्फ. गंमत म्हणजे सुरुवात सिगारेटच्या कारखान्यात, आणि आता आमच्या किंडरगार्टनमध्ये प्लॅस्टिकचा डबासुद्धा चालत नाही. स्टायनर यांची वंशांबद्दलची काही मतं वाचून मी हादरले होते, इथेही लोक त्यावर उघड टीका करतात. तुम्हीही वाचा आणि पालकसभेत बेधडक विचारा. आमच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. आमच्या वाट्याला पाव आला. आठवड्यातून एक दिवस मुलं कणीक मळून आपापला पाव भाजतात. मेणाचे खडू, लाकडाचे ओंडके, नाक-तोंड नसलेल्या कापडी बाहुल्या, बोटांवर विणायची लोकर. पाऊस असो, बर्फ असो, रबरी विजारी चढवून सगळे बाहेर. अक्षरओळख नाही म्हणजे नाहीच. ती पहिलीत, दुधाचे दात पडायला लागल्यावर.

माझा मुलगा आला तेव्हा त्याला ए टू झेड, शंभरपर्यंत आकडे आणि अकरा रंग इंग्रजीत येत होते. ज्युनियर केजीच्या मुलाखतीसाठी मीच घोकून घेतलं होतं. इथे शाळेत जाण्याआधी मुलांची सरकारी तपासणी होते. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, एका पायावर उभा राहा. पडला. कात्री दिली, ती त्याने दोन्ही हातांनी धरली, बागेतली झाडं कापतात तशी. मग कागद दिला, एक माणूस काढ. त्याने मोठ्या इंग्रजी अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.

बाई वाईट नव्हत्या, पण मला आजही त्यांचा राग येतो. घरी येऊन मी नवऱ्याशी भांडले. कारण मला नौपाड्यातलं आईचं घर आठवत होतं. दुपारी आई देवकापूस घेऊन वाती वळायला बसायची. हा तिच्याशेजारी बसून सरकी काढायचा, एकेक बी वाटीत टाकायचा, टक् टक्. मी ऑफिसमधून त्याला न्यायला आले की आधी त्याच्या हातातला कापूस काढून घ्यायची आणि अक्षरं गिरवायचं पुस्तक पुढे ठेवायची. "आई, ह्याचा टाइमपास नको गं, पुढच्या महिन्यात मुलाखत आहे." आई काही बोलायची नाही. कापूस डब्यात भरून आत जायची. त्याच हातांची पकड पक्की व्हावी म्हणून मी नंतर इथे वर्षभर दर गुरुवारी थेरपीला घेऊन गेले.

एकटेपणाचंही विचारलंत. वाटतो. नोव्हेंबरच्या शेवटी साडेचारलाच सूर्य मावळतो. पुढे जाऊ.

एकदा किंडरगार्टनच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे लहान मुलांसाठी असं काम कोणी केलं का? मी म्हटलं, बालशिक्षणातल्या त्या इटालियन माँटेसोरीबाई भारतात राहिल्या होत्या. बास, एवढंच. नंतर लाज वाटून वाचायला बसले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवत होत्या. साधनं कसली, तर शंख-शिंपले, खडे, बिया, पानं. मूल शाळेत येत नाही तर शाळा पाड्यावरच्या अंगणात भरवायची, पोरं गुरं राखायला गेली तर कुरणात. हे सगळं २०१४ मध्ये पालघर वेगळं होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं! मी शाळेच्या सहलीला डहाणूला जाऊन चिकू खाऊन आले होते. ताराबाईंचा नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा आणि स्टुटगार्टचं पहिलं वॉल्डॉर्फ किंडरगार्टनही १९२६ चंच. यातून काही सिद्ध होत नाही, मला आपलं त्या रात्री झोप लागली नाही.

मागे पडेल का? नाही. माझा मुलगा पहिलीत गेल्यावर वर्षभरात जर्मन वाचायला लागला. त्याची काळजी नका करू. मराठीची करा. तो आता स्वतः टोपी विणतो, पण टाका, गाठ, गुंडा हे शब्द त्याच्याकडे नाहीत, सगळी लोकर जर्मनमध्ये. अक्षरं नंतर शिकता येतात यावर माझा आता विश्वास बसलाय, फक्त हे "नंतर" मराठीच्या बाबतीत कधी आलंच नाही. आठ वर्षांचा झाला, अजून देवनागरीत आजीला शुभेच्छापत्र लिहू शकत नाही. येऊरला पहिल्या पावसात मी त्याला गाडीतून उतरू दिलं नव्हतं, त्यामुळे चिखल हा शब्दही त्याला इथे आल्यावर, माझ्या ओरडण्यातून कळला.

तुमच्या मुलीला घाला तिथे, जागा मिळाली तर. आंतरराष्ट्रीय शाळेचे पैसे आईच्या विमानाच्या तिकिटाला ठेवा. माझी आई तीन महिने येऊन राहिली होती. एक सकाळ किंडरगार्टनमध्ये बसली, जर्मनचा एक शब्द येत नसताना. मांडीवर कापूस घेतला आणि चिमटीत धरून फुलवाती वळायला लागली. अकरा मुलं भोवती, कोणी बोलेना. माझ्या मुलाने न विचारता सरकी काढायला घेतली. मी दारात उभी. मला फुलवात वळता येत नाही हे तिथल्या बाईंना कसं सांगणार होते?

इथला औषधांच्या दुकानातला कापूस वळायला गेलं की तुटतो. म्हणून सामानात देवकापूस घ्या, पण सरकी घरीच काढून, बियांवरून विमानतळावर वाद नको. ते काम मुलीला आजीजवळ बसून करू द्या, निघायला अजून दोन महिने आहेत. पिशवीत जागा उरली तर पाव किलो माझ्यासाठीही आणा.