डॉक्टरांना विचारा : लिव्हर सर्जनने प्रयोगशाळेत वर्षं घालवावीत का?

प्रश्न : माझी मुलगी जनरल सर्जरीत एम.एस. करते आहे. पुढे एम.सीएच. (एम.एस.नंतरची सुपर-स्पेशालिटीची पदवी) करून लिव्हर ट्रान्सप्लांटकडे वळायचं म्हणते, पण मध्ये दोन वर्षं तिला संशोधन करायचंय. तिचे काका सर्जन आहेत. ते म्हणतात, हात बसायची वर्षं उंदरांवर घालवू नकोस. तुम्हाला काय वाटतं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, काकांची काळजी खोटी नाही. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एम.एस., तीन एम.सीएच., शिवाय प्रवेशपरीक्षांत जातील ती वेगळी. पण यकृताच्या बाबतीत मला त्यांचं म्हणणं पटत नाही. ही शस्त्रक्रियाच प्रयोगशाळेतून आली आहे.

वर्गात शिकवायचो तेव्हा मी थॉमस स्टार्झल या अमेरिकन सर्जनचं उदाहरण द्यायचो. त्यांनी वैद्यकीय पदवीबरोबर पीएच.डी. केली, तीही मेंदूच्या शरीरक्रियाशास्त्रात! यकृताकडे ते नंतर वळले. कुत्र्यांवर यकृतरोपणाचे प्रयोग केले आणि 1 मार्च 1963 रोजी डेन्व्हरमध्ये माणसावरचं पहिलं यकृतरोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा. रक्तस्राव थांबेना, तो टेबलावरच गेला. पुढच्या रुग्णांत रक्त गोठावं म्हणून उपचार केले, तर शस्त्रक्रियेदरम्यान रक्त यकृताला वळसा घालून नेणाऱ्या बायपासच्या नळ्यांत गुठळ्या झाल्या आणि फुप्फुसात गेल्या. एकही रुग्ण महिनाभर जगला नाही. बोस्टन आणि पॅरिसमध्येही तेच झालं.

मग स्टार्झल थांबले, तीन वर्षांहून जास्त. त्यांच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच. टेबलावर जे जे चुकलं, ते घेऊन ते प्रयोगशाळेत परत गेले. शरीराने परकं यकृत नाकारू नये म्हणून घोड्यांच्या रक्तापासून केलेलं औषध कुत्र्यांवर तपासलं, यकृत टिकवून ठेवण्याच्या पद्धती सुधारल्या. 1967 च्या जुलैत यकृताचा कॅन्सर असलेल्या एका चिमुरडीवर रोपण केलं. ती वर्षाहून जास्त जगली. त्यानंतरही वर्षभर जगणारे रुग्ण तिघांत जेमतेम एक असत. 1980 पासून सायक्लोस्पोरिन हे परकं यकृत नाकारलं जाऊ नये म्हणून द्यायचं औषध वापरात आलं तेव्हा ते प्रमाण दुपटीच्या वर गेलं. 1989 मध्ये पिट्सबर्गच्या त्यांच्याच चमूने टॅक्रोलिमस हे त्याच कामाचं नवं औषध रुग्णांना दिलं. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध आज आपल्याकडचे बहुतेक यकृतरोपण झालेले रुग्ण घेतात.

आणि हात? शस्त्रक्रियेआधी आपल्याला प्रचंड भीती वाटायची, असं स्टार्झल यांनीच लिहून ठेवलं आहे. 1991 मध्ये त्यांनी सुरी खाली ठेवली. पुढच्याच वर्षी त्यांच्या चमूने दाखवून दिलं, की रोपणानंतर कित्येक वर्षांनी दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेत, रक्तात सापडतात. म्हणजे शस्त्रक्रिया थांबल्या तरी संशोधन चालूच होतं.

आता तुमच्या मुलीसाठी. आपल्याकडे एम.एस.चा प्रबंध म्हणजे बऱ्याचदा जुन्या फायलींतून काढलेली पन्नास-साठ केसेसची जंत्री. बाइंडिंग सुंदर, प्रश्न गायब. तिची दोन वर्षं तशी जाणार असतील तर काकांचंच ऐकावं. पण तिला ऑपरेशन थिएटरमध्ये एखादी गोष्ट सतत खटकते आहे का, हे विचारा. असेल, आणि मार्गदर्शक स्वतः अजून ऑपरेशन करत असेल, तर खुशाल जाऊ द्या. आठवड्यातून एखादा दिवस थिएटरला जाता येईल, एवढं मात्र आधीच ठरवून घ्यायला सांगा.

प्रश्न : भावाला यकृताचा भाग द्यायचा आहे. कापलेलं यकृत खरंच परत वाढतं का? पुन्हा कुणाला देता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : वाढतं. उजवा भाग, म्हणजे साधारण साठ टक्के, काढला तरी दोन-तीन महिन्यांत आकारमान बरंचसं भरून येतं. स्वादुपिंडाकडून पोर्टल शिरेतून (यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) येणाऱ्या रक्तातलं इन्सुलिन यकृताला पोसतं, हे दाखवण्यातही स्टार्झल यांचा मोठा वाटा. मात्र कापलेला भाग जसाच्या तसा उगवत नाही, उरलेला फुगून मोठा होतो. पित्ताशयही गेलेलं असतं. त्यामुळे दुसऱ्यांदा देता येत नाही. भाऊ कायद्याने जवळचा नातेवाईक ठरतो, तेव्हा नात्याचे पुरावे आत्ताच गोळा करा. आणि दारू घेत असाल तर आजपासून बंद.