नोकरी करत गेट द्यायची असेल तर क्लासच्या भरवशावर राहू नका

चाकणला शिफ्टची नोकरी, मेकॅनिकल शाखा, फेब्रुवारीत गेट (इंजिनिअरिंगनंतर एमटेकच्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा) आणि क्लासवाले म्हणतायत पोर्शन संपेपर्यंत टेस्ट सिरीजला हात लावू नका, तर तयारी कशी करू, असं कुणीतरी विचारलेलं वाचलं आणि माझाच क्लास डोळ्यासमोर आला. नाव घेत नाही, उगाच वाद नको.

आमच्याकडे अख्खा रविवार थर्मोची डेरिव्हेशन्स उतरवून घेण्यात जायचा आणि मॅथ्स-ॲप्टिट्यूड "सोपंय, शेवटी उरकू". मग ऐन डिसेंबरात मॅथ्सचे सर सोडून गेले, बदली कोणी आलंच नाही, ऑफिसात विचारलं की काउंटरवरच्या मॅडम म्हणायच्या रेकॉर्डेड लेक्चरची लिंक पाठवते. ती लिंक परीक्षा झाल्यावर आली, सोबत पुढच्या बॅचच्या डिस्काउंटचा मेसेज! फी परत मागितली तर पावतीमागचा बारीक अक्षरातला नियम दाखवला. आता तुम्हीच बघा, १०० पैकी ॲप्टिट्यूड १५ आणि मॅथ्स साधारण १३, म्हणजे पाव पेपरच्या वर मार्क यांनी "शेवटी" ढकलले होते.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, या दोन्हीपासूनच सुरुवात करा. शिफ्टवरून दमून आल्यावर फ्लुइडचं नवीन काही डोक्यात शिरत नाही, पण ॲप्टिट्यूडची दहा गणितं होतात. एक टॉपिक झाला की लगेच त्यावरचे जुने पेपर सोडवायचे, पोर्शन संपायची वाट बघायची नाही (नोकरीवाल्यांचा पोर्शन तसाही संपत नाही). एमएसक्यू (एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात असे प्रश्न) २०२१ पासून आलेत, म्हणून त्यानंतरचे पेपर पूर्ण तीन तास लावून सोडवायला राखून ठेवा. एमसीक्यू (एकच पर्याय बरोबर असलेला प्रश्न) चुकला तर एक मार्काला १/३ आणि दोन मार्कांना २/३ कापतात, एमएसक्यू आणि न्यूमेरिकलला (उत्तराचा आकडा टाइप करायचा असतो ते) काही कापत नाहीत, तेव्हा ते कोरे सोडून उठू नका.

आणि कॅल्सी, म्हणजे कॅल्क्युलेटर! स्वतःचा नेता येत नाही, स्क्रीनवरचा माउसने दाबत बसावं लागतं. साइन ३० काढायला आधी ३० आणि मग साइन, कॅसिओवर वाढलेला हात बरोब्बर उलटं करतो. घरी सराव करताना पण तोच वापरा.

हे सगळं मेकॅनिकल आणि नोकरी या हिशोबाने सांगतेय, घरी बसून पूर्णवेळ करणाऱ्यांचं गणित वेगळं असेल. पॅटर्न यंदाच्या माहितीपत्रकात एकदा बघून घ्याच. स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणून लगेच नोकरी सोडायची घाई नको.

जाता जाता, ओबीसीतून फॉर्म भरणार असाल तर जात केंद्राच्या यादीत आहे ना ते बघा आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. सेतूत नुसतं नॉन क्रिमिलेयर म्हणालात तर राज्याचं हातात ठेवतात, म्हणून अर्ज देतानाच "सेंट्रलचं पाहिजे" असं दोनदा सांगा.