दुधाच्या रिकाम्या पिशवीपासून पुन्हा दुधाची पिशवी का बनवत नाहीत?

प्लॅस्टिक वितळतं, पण पहिल्यासारखं राहत नाही, म्हणून. दुधाची पिशवी पॉलिथिनची, म्हणजे एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते. त्यामुळे भंगारात तिला भाव मिळतो. ती धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याचा दाणा, म्हणजे प्लॅस्टिकचे बारीक गोळे, पाडतात. पण दर वेळी उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन लागून पॉलिथिनच्या रेणूंच्या लांब साखळ्या काही ठिकाणी तुटतात, काही ठिकाणी एकमेकींना चिकटतात. चिकटलेल्या जागी बारीक गाठी होतात. जाड बादलीत त्या खपून जातात. पिशवीची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, मात्र फुग्यासारखी फुगवून काढतात आणि ती असते जेमतेम ५०-६० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथे एक गाठ आली की भोक पडलंच! शिवाय दुधाचा आंबूस वास आणि शाईचा रंग दाण्यात उतरतो. अन्नासाठी असा दाणा चालवून घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या दाण्यापासून कचरा भरायच्या काळ्या पिशव्या आणि पाइप होतात. दर्जा सावरायला त्यात थोडा नवा दाणा मिसळतात.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं दुखणं याहून मोठं. वेगवेगळ्या जातींचे थर एकमेकांना चिकटवलेले, ते सुटे करणं जिकिरीचं.

तुमच्या हातात एवढं आहे: पिशवीचा कोपरा कापताना तुकडा वेगळा करू नका, तो हमखास कचऱ्यात हरवतो. पिशवी लगेच विसळून वाळवा. स्वच्छ मालाचाच दाणा चांगला निघतो.