रब्बींच्या सह्या आणि टिपा असलेले जुने हिब्रू ग्रंथ घेताना मी काय पाहतो

रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) सह्या व हस्तलिखित टिपा असलेले जुने ग्रंथ जमवायला सुरुवात कशी करावी आणि खोट्या सहीपासून कसे सावध राहावे, असे आपण विचारले आहे. माझा संग्रह लहान आहे. त्यात बहुतेक १९व्या शतकातील तालमुदचे (ज्यू धर्मशास्त्रावरील चर्चांच्या बृहद्ग्रंथाचे) सुटे खंड आहेत. अनुभवावरून एवढे सांगतो की सहीपेक्षा समासातील टिपेला अधिक भाव द्यावा. दोन शब्दांची सही कोणीही गिरवू शकतो. टीप मात्र शेजारच्या छापील ओळीवर आक्षेप घेते, मुद्रणदोष सुधारते, दुसऱ्या ग्रंथाचा दाखला देते, आणि हे सगळे जुळवायचे तर बनावट करणाऱ्यालाही तालमुद यावा लागतो. पोझनचे (आताच्या पोलंडमधील पोझनान) रब्बी अकिवा एगर (१७६१-१८३७) यांनी आपल्या प्रतीच्या समासात केलेल्या अशाच टिपा पुढे ‘गिल्योन हा-शास’ (तालमुदचा समास) या नावाने छापल्या गेल्या.

सही वाचताना तिच्या आधीचे शब्द पाहावेत. मालकीची नोंद पुष्कळदा ‘पृथ्वी आणि तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे आहे’ या स्तोत्रवचनाने सुरू होते. म्हणजे ग्रंथ खरा त्याचा, माझ्याकडे केवळ सांभाळायला. रब्बी स्वतःच्या नावाआधी बहुधा ‘हा-काटान’, म्हणजे ‘लहान’, असे लिहितात. जेथे ‘थोर गाओन’ (प्रकांड पंडित) अशी विशेषणे लागली आहेत, तेथे लिहिणारा मुलगा, शिष्य किंवा विक्रेता असतो, स्वतः रब्बी नव्हे.

छपाईचे वर्ष काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मुखपानावर ते अनेकदा एखाद्या वचनात दडलेले असते: प्रत्येक हिब्रू अक्षराला संख्यामूल्य असते, म्हणून ठळक अक्षरांच्या मूल्यांची बेरीज करायची, ज्यू वर्षातील हजारांचा आकडा गाळलेला असल्यास तीत १२४० मिळवायचे, की इसवी सन मिळतो. एकदा एगर यांची सही म्हणून एक खंड मी घाईने घेतला. घरी बेरीज ६०२ आली, म्हणजे १८४२; सही करणारे पाच वर्षांपूर्वीच निवर्तले होते! तो स्वस्तात मिळत होता, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

शाईही पुष्कळ सांगते. लोहयुक्त शाई कालांतराने तपकिरी होते आणि कधी पानाच्या पाठीपर्यंत उतरते. भिंगाखाली कसरीने पाडलेले छिद्र पाहावे: रेघ छिद्रामुळे तुटली असेल तर लेखन आधीचे, पण शाई छिद्राच्या कडेत झिरपली असेल किंवा अक्षर छिद्राला वळसा घालून गेले असेल तर ते नंतरचे. माझ्या एका खंडात बांधणाऱ्याने कडा कापताना टिपांच्या ओळींची शेवटची अक्षरे उडवली आहेत. वाचताना चुटपूट लागते, परंतु टिपा त्या बांधणीपूर्वीच्या आहेत याचा याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही.

शेवटी शिक्के. नाझींनी लुटलेली लक्षावधी पुस्तके १९४६ पासून जर्मनीतील ऑफेनबाख येथील आगारात गोळा करून मूळ मालकांकडे पाठवण्याचा प्रयत्न झाला, तरी सगळी काही पोहोचली नाहीत. त्यामुळे एखाद्या ग्रंथालयाचा किंवा ज्यू समाजाचा शिक्का दिसला तर ग्रंथ तेथून बाहेर कसा पडला हे मी विचारतो, आणि शिक्का खरवडलेला असेल तर टिपा कितीही मोलाच्या असोत, तो खंड जागीच ठेवून येतो.