गल्लीत चालायला जागा हवी

प्रश्न : कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जेमतेम साडेसात मीटर आहे. दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात. एका अंगाला दोन फुटी फूटपाथ आहे, त्यावर विजेचा डीपी आणि कुंड्या. चौकातला सिग्नल टाळायला दुचाकीवाले आमच्या गल्लीतून सुसाट जातात. गेल्या महिन्यात सासूबाईंना स्कूटरचा आरसा लागला, त्या पडल्या आणि मनगट मोडलं. सोसायटीत सगळे म्हणतात, गतिरोधक मागा. मागावा का, आणि कुणाकडे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, सासूबाईंचं मनगट लवकर भरून येवो. या वयात पडण्याची धास्ती हाडापेक्षा जास्त दिवस टिकते, त्यामुळे त्यांचं फिरणं कायमचं बंद होऊ देऊ नका.

गतिरोधक मागायला हरकत नाही, पण आधी तो मागू नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, गाडी त्यावरून ताशी २५ किलोमीटरने सुखरूप जावी म्हणून. गल्ल्यांमध्ये पडतो तो डांबराचा अरुंद ढिगारा किंवा रबरी पट्टी. ती पाण्यासाठी कडेला मोकळी सोडतात आणि दुचाकीवाला नेमका त्या फटीतून गाडी काढतो. माणसं चालतात तीही त्याच कडेने. रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलं माझं. हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की गतिरोधकाचा अर्ज दिसला की आधी मी कडेला काय ठेवलंय ते विचारते.

रस्ता एकेरी केला आणि पार्किंग एकाच बाजूला ठेवलं, तर तुमच्या गल्लीत चालायला मुळात जागा आहे. हिशेब करून पाहा. फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतात. एकेरी वाहतुकीला ३.५ मीटर पुरतात, त्यातून अग्निशमनाची गाडीही जाते. एका बाजूच्या पार्किंगला २ मीटर. बेरीज ७.३. उरलेल्या २० सेंटिमीटरमध्ये फूटपाथच्या कडेचे खांब बसतात, म्हणजे दुचाकी वर चढत नाही. डीपी मात्र हलवावा लागेल, किंवा फूटपाथ दुसऱ्या भिंतीकडे घ्यावा लागेल. ते टेप घेऊन जागेवरच ठरवा.

याची किंमत एका बाजूचं पार्किंग. सोसायटीच्या बैठकीत भांडण यावरच होणार, तेव्हा आधीच स्पष्ट बोला. सम-विषम तारखेला बाजू बदलणारं पार्किंग (पी-१, पी-२) इथे चालणार नाही, कारण गाड्या रोज बाजू बदलतील तर फूटपाथ ठेवायचा कुठे? आणि कुंड्या सोसायटीच्याच असतील तर अर्ज करण्याआधी त्या स्वतः उचला.

एकेरी वाहतुकीत एक धोका आहे. समोरून कुणी येणार नाही हे कळलं की वेग वाढतो. म्हणून गल्लीच्या दोन्ही तोंडांशी रस्ता फूटपाथच्या पातळीपर्यंत उचलून घ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कडेला फट न ठेवता. पाण्यासाठी जाळीची नाली आधीच आखायला सांगा. वळणाचा कोपराही ऐसपैस गोल नको. कोपरा जितका काटकोनाजवळ, तितकी गाडी हळू वळते. सिग्नल चुकवणाऱ्याला या गल्लीतून वेळ वाचत नाही असं दिसलं, तरच तो यायचा थांबेल.

वेगाचा आग्रह मी का धरते? कोरड्या रस्त्यावर ताशी ५० ने येणारी गाडी, चालकाला मूल दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण २८ मीटर जाते. ३० ने येणारी १३ मीटरमध्ये थांबते. उभ्या मोटारींच्या मधून मूल बाहेर येतं तेव्हा २८ मीटर कुणाच्या हातात नसतात.

आता कुणाकडे जायचं. पार्किंग बंदी आणि एकेरी वाहतुकीचे आदेश वाहतूक पोलीस उपायुक्त काढतात, बऱ्याचदा आधी प्रायोगिक तत्त्वावर आणि नागरिकांच्या हरकती मागवून. फूटपाथ, खांब, उंचवटा हे महापालिकेचं काम. त्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या. दोन्हीकडे एकच नकाशा द्या, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सोबत मापं, सकाळ-संध्याकाळचे फोटो आणि समोरच्या सोसायटीच्याही सह्या. अर्जात दोन गोष्टी जरूर लिहा : पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलं आहे, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फूटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या हक्कातच मोडतो असं म्हटलं आहे. निधी नाही असं उत्तर आलं, तर नागरिकांनी सुचवलेली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेतली जातात, त्या वेळी पुन्हा अर्ज करा.

हे होईपर्यंत सासूबाईंनी समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या कडेने चालावं, आणि संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत. गल्लीतला एखादा दिवा झाडाच्या फांदीआड गेला असेल तर त्याची तक्रार आजच करा. त्याला नकाशा लागत नाही.