मुलांपासून दारू लपवावी की घरातच तिची ओळख करून द्यावी?

आपला मुलगा पाच वर्षांचा आहे आणि घरी पाहुणे आले की त्याच्यासमोर ग्लास भरावेत की नाही, असे आपण विचारले आहे. याच प्रश्नावरून आमच्या घरात नाती तुटण्याची वेळ आली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकला राहतो. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. आयपीएलच्या दिवसांत रस्त्याने जाताना एका वाइन शॉपच्या पाटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आई, ते बघ, मॅचमधल्या सोड्याचं दुकान!" टीव्हीवर त्याने सोड्याची जाहिरात पाहिली होती आणि पाटीवर तेच नाव, तीच अक्षरे आणि तोच रंग होता. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनुसार दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाचा सोडा, पाणी किंवा गाण्यांच्या सीडी दाखवल्या जातात. मोठ्या माणसांना त्यातली मेख कळते. मुलाला ती कळत नाही, पण नाव मात्र पक्के पाठ होते, आणि तेही त्याच्या आवडत्या खेळाडूंच्या चौकार-षटकारांच्या आनंदाबरोबर. मला ही राजरोस फसवणूक वाटते.

त्याच महिन्यात माझ्या दिरांच्या घराची वास्तुशांत झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री पुरुषमंडळी गच्चीवर बसली. शेंगदाणे खायला गेलेल्या माझ्या मुलाच्या ओठांना भाऊजींनी बिअरच्या फेसात बुडवलेले बोट लावले आणि सगळे हसले. मी त्याला उचलून खाली आणले. भाऊजी मागून म्हणाले, "वहिनी, लपवलं की पोरं चोरून पितात. फ्रान्समध्ये लहान मुलंसुद्धा जेवताना वाइन घेतात." सासूबाईंनीही सांगितले की, सर्दी झाली की त्या स्वतःच्या मुलांना चमचाभर ब्रँडी देत असत आणि त्यांचे काही वाईट झाले नाही. माझे यजमान गप्प बसले, याचे दुःख मला अधिक झाले. पुढची दोन वर्षे आम्ही दिवाळीला तिकडे गेलो नाही.

त्या रात्री मला उत्तर सुचले नव्हते. ते नंतर वाचून मिळाले. फ्रान्समध्ये शाळेच्या भोजनगृहात मुलांना खरोखरच वाइन मिळत असे, परंतु १४ वर्षांखालील मुलांसाठी ती १९५६ साली बंद झाली आणि १९८१ मध्ये मोठ्या विद्यार्थ्यांसाठीही बंद झाली. १९९१ च्या कायद्याने तेथे टीव्हीवरील दारूच्या जाहिरातींना मनाई केली, आणि २००९ पासून १८ वर्षांखालील कोणालाही दारू विकता येत नाही. भाऊजी ज्या देशाचा दाखला देत होते, त्या देशानेच ती चाल मोडीत काढली आहे. आपल्याकडे तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरांच्या आदेशाशिवाय मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बोटभर फेसाला कोणी तुरुंगात टाकणार नाही, हे मलाही समजते. पण कायदा ज्याला गुन्हा मानतो, त्याला घरात कौतुक म्हणू नये.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे तर, पाहुण्यांनी मुलासमोर एखादा ग्लास घेतल्याने आभाळ कोसळत नाही. आमच्याही घरी यजमान अधूनमधून घेतात आणि मुलाला ते माहीत आहे. मात्र त्याला बर्फ किंवा चखणा आणायला पाठवू नये, त्याच्या सरबताच्या पेल्याला पेला भिडवून "चिअर्स" म्हणू नये, आणि वाढदिवस त्याचा असेल तर त्या दिवशी बाटली उघडूच नये. ज्या आदिवासी घरांत मोहाची दारू देवाला वाहतात, तेथील रीत वेगळी आहे आणि त्यांच्याविषयी मी बोलत नाही. मी बोलते आहे ती आमच्यासारख्या शहरी घरांविषयी, जिथे मोठी माणसे गंमत म्हणून मुलाला चव देतात आणि हरकत घेणाऱ्या बाईला मागासलेली ठरवतात.

भाऊजींनी आजवर चूक झाली असे म्हटलेले नाही. आता आम्ही दिवाळीला त्यांच्याकडे जातो, पण सकाळी जातो, फराळ करतो आणि दिवेलागणीच्या आत मुलाला घेऊन घरी परततो.