‘माफ करणे’, ‘क्षमा करणे’ आणि ‘क्षमाशील’

निपाणीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, क्षमा करताना मेंदूत काय घडते हे मुलांना सांगताना ‘माफ करणे’ म्हणावे की ‘क्षमा करणे’, आणि ‘क्षमाशील’सारखा स्वभावदर्शक शब्द ‘माफी’पासून का झाला नाही. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, असे मला वाटते.

‘माफ’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि तो मुख्यतः देण्याघेण्याच्या व्यवहारात रुजला. शेतसारा माफ होतो, कर्ज माफ होते, शिक्षा माफ होते. म्हणजे समोरच्याकडून जे येणे आहे, त्यावरचा हक्क आपण सोडतो. ‘क्षमा’ संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे या धातूपासून आली आहे, आणि ‘क्षमता’ व ‘सक्षम’ हे शब्दही त्याच धातूचे आहेत. माफी हा व्यवहार ठरतो आणि क्षमा हे माणसाच्या अंगचे बळ ठरते, म्हणूनच स्वभाव सांगणारे ‘शील’ हे पद क्षमेलाच जोडले गेले असावे. आपल्या भागातील जैन समाजात दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस ‘उत्तम क्षमा’ या धर्माचा असतो. तिथे ‘उत्तम माफी’ म्हणून पाहिले, तर हा फरक कानालाच कळतो.

मानसशास्त्रातही असाच भेद केला जातो. एव्हरेट वर्दिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी निर्णयाने केलेली क्षमा आणि भावनेतून झालेली क्षमा वेगळ्या मानल्या आहेत. बांधावरून भांडलेले दोन भाऊ पंचांसमोर ‘जाऊ दे, सोडलं’ म्हणतात, शेजारचा कन्नड भाषकही ‘होगली बिडु’ म्हणून त्यांना दुजोरा देतो, आणि तरीही त्यांतला एक जण पुढे कित्येक महिने दुसऱ्याच्या दारावरून जाण्याचे टाळतो. त्याच्याविषयी ‘माफ केलं, पण मनातली अढी गेली नाही’ हे वाक्य सहज बोलले जाते, मात्र त्यात ‘क्षमा केली’ घातले की ते अडखळते.

आता मेंदूविषयी. 2013 मध्ये इटलीत झालेल्या एका अभ्यासात, दुखावले गेल्याचे प्रसंग मनात आणून त्या माणसाला क्षमा केल्याची कल्पना करणाऱ्यांच्या मेंदूत आवर घालणारा पुढचा भाग आणि दुसऱ्याच्या बाजूने पाहण्याशी संबंधित मागचे भाग सक्रिय झालेले दिसले. माणसामाणसांतला फरक 2017 च्या एका अभ्यासात अधिक नेमका हाती लागतो. ज्याच्या हातून नकळत मोठी इजा झाली, त्याला अधिक सहज क्षमा करणाऱ्यांमध्ये मेंदूच्या डाव्या शंखभागातील, म्हणजे कानशिलामागच्या भागातील, एका खाचेच्या पुढच्या टोकाशी करड्या द्रव्याचे (चेतापेशींनी भरलेल्या थराचे) प्रमाण जास्त आढळले, आणि दुसऱ्याचा हेतू ओळखण्याच्या कामात हा भाग गुंतलेला असतो. यावरून एवढेच म्हणता येते की या दोन गोष्टी एकत्र आढळतात. अमुक रचनेमुळेच माणूस क्षमाशील होतो, असे मुलांना मुळीच सांगू नये, कारण सवयीने आणि अनुभवानेही मेंदू बदलत असतो.

तेव्हा वर्गात निर्णयापुरते ‘माफ करणे’, मनातला राग विरण्याला ‘क्षमा करणे’ आणि व्यक्तिगणिक कमीअधिक असणाऱ्या प्रवृत्तीला ‘क्षमाशीलता’ म्हणावे, आणि हे तीन शब्द पहिल्याच तासाला बांधावरच्या उदाहरणासह वेगळे करून द्यावेत.